परसातले स्वयंपाकघर: ओट्याचा दगड निवडण्याआधी

दापोली तालुक्यातील आपले वडिलोपार्जित घर समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे, आई तेथे बाराही महिने राहतात आणि आपण पुण्याहून सुट्ट्यांना जाता. घराच्या पश्चिमेस असलेल्या परसात १२ फूट बाय १० फूट जागेवर उघड्यावरचे स्वयंपाकघर बांधायचे आपल्या मनात आहे. ओट्याला ग्रॅनाइट घ्यावा की कडप्पा, बार्बेक्यू आणि पिझ्झा ओव्हन ओट्यातच बांधून घ्यावेत का, आणि आईंना हवी असलेली चूल त्यात कशी बसवावी, असे आपण विचारले आहे. मी कोकणात घरे बांधण्याची आणि जुनी घरे दुरुस्त करण्याची कामे बरीच वर्षे करते आहे, आणि त्या अनुभवावरून मला वाटते की दगड आणि शेगडी यांचा निर्णय शेवटी घेतला तरी चालण्यासारखा आहे. आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: पावसाची झड कुठून येते, धूर कुठे जातो आणि सांडपाणी कुठे मुरते. आपल्या पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही, आणि अशी स्वयंपाकघरे दोन-तीन वर्षांत अडगळीची जागा होतात ती बहुतेक याच कारणांनी.

प्रथम वापराविषयी लिहिते, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. आपण सुट्टीत आठ-दहा माणसांसाठी रांधण्याचा विचार करत आहात. आई मात्र ही जागा रोज वापरतील, आणि जून ते सप्टेंबर या काळात एकट्याने वापरतील. म्हणून घरातल्या स्वयंपाकघराची दुसरी प्रत बाहेर उभी करू नये, असे माझे ठाम मत आहे. घरात जी कामे नकोशी होतात किंवा मावत नाहीत, त्यांच्यासाठी ही जागा असावी: मासे साफ करणे आणि तळणे, चुलीवरच्या भाकऱ्या, मोठ्या टोपातले भात-आमटी, फणस फोडणे, एप्रिल-मे महिन्यांत आमसुले करणे आणि आंब्याचा रस आटवणे, आंघोळीचे पाणी तापवणे. आईंशी बसून अशी यादी केलीत तर तिच्यातून ओट्याची लांबी, नळांची जागा आणि चुलीची उंची आपोआप निघेल. फ्रीज, मसाल्यांचे डबे आणि रोजची भांडी घरातच राहू द्यावीत. कोकणातल्या दमट हवेत बाहेर ठेवलेले मसाले टिकत नाहीत, आणि वानरांचा त्रास तर आपल्याला ठाऊकच असेल.

आता पावसाकडे येऊ. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो. आपले परसू पश्चिमेला आहे, म्हणजे नियोजित स्वयंपाकघर थेट झडीच्या तोंडी आहे. हिशेब करून पाहा. वारा जोरात असताना पाऊस ४५ अंशांत तिरका येतो असे धरले, वळचण, म्हणजे छपराची खालची कड, जमिनीपासून ७ फूट उंच ठेवली आणि ती खांबांच्या ३ फूट पुढे काढली, तरीही जमिनीवर आतले ४ फूट भिजणार. आपली जागा १० फूट रुंद आहे. त्यातले ४ फूट ओले झाले तर उभे राहायला कोरडी जागा किती उरते, हे आपणच ठरवावे. ओट्याच्या उंचीला हीच झड सव्वा फूट आत येते, म्हणजे दोन फूट खोलीच्या ओट्याचा निम्म्याहून अधिक भाग ओला राहतो.

यावर दोन मार्ग आहेत. घराच्या पूर्वेस किंवा ईशान्येस जागा असेल तर स्वयंपाकघर तेथे न्यावे, म्हणजे घरच झडीला आडवे येते. पैसे वाचवणारा आणि कायम टिकणारा उपाय हाच आहे. मात्र मागील दार पश्चिमेलाच उघडत असेल आणि आईंना भांडी घेऊन घराला वळसा घालावा लागणार असेल, तर मी तो सुचवणार नाही. ओल्या अंगणातून गरम टोप घेऊन चालणे हा या वयात सगळ्यांत मोठा धोका आहे. अशा वेळी जागा पश्चिमेलाच, मागील दाराला लागून, एकाच छपराखाली घ्यावी आणि नैर्ऋत्येच्या दोन्ही अंगांना, म्हणजे दक्षिणेस व पश्चिमेस, जांभ्याची भिंत उभी करावी. ती छपरापर्यंत बंद नसावी; साधारण साडेचार फुटांपर्यंत भरीव आणि त्यावर तिरक्या पट्ट्यांची झडप असावी, पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला. ओटा याच भिंतीला लावावा, म्हणजे काम करणाऱ्याच्या तोंडावर पाऊस येत नाही. उत्तर बाजू पूर्ण उघडी राहू द्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर भिंतींना झाप (झावळ्यांच्या विणलेल्या चटया) बांधण्याची आपल्याकडची पद्धत येथेही उपयोगी पडते. पश्चिमेच्या पट्ट्यांवर चार महिने झाप लावले की झड जवळपास थांबते. प्लास्टिकचे पडदे मात्र चूल पेटलेली असताना सोडू नयेत. त्यांना आग लागण्याची भीती आहेच, शिवाय कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

छपराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खर्चाचा मोठा वाटा मी येथे घालायला सांगणार आहे. पावसासाठी वळचण खाली हवी आणि धुरासाठी छप्पर उंच हवे, अशी ही ओढाताण आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे वळचण ७ फुटांच्या आसपास ठेवून उतार तीव्र करणे आणि आढ्याशी, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कण्याशी, धूर निघायला झाकलेली फट ठेवणे. मंगळुरी कौले घातलीत तर ३० अंशांपेक्षा कमी उतार ठेवू नये. कमी उतारावर वाऱ्याने पाणी कौलांखाली चढते. चुलीच्या वर स्वतंत्र धुराडे घ्यावे. छपरातून ते निदान ३ फूट वर निघावे आणि १० फुटांच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच असावे, नाहीतर वाऱ्याच्या भोवऱ्याने धूर उलटा आत येतो. येथे एक अडचण आहे: घराला लागून बांधल्यास घराचे आढे बरेच उंच असणार, म्हणून धुराडे घरापासून शक्य तितक्या दूरच्या कोपऱ्यात, म्हणजे वायव्य टोकाला ठेवावे.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगड भागांत किती छपरे उडाली ते आपल्या आईंनी पाहिलेच असेल. चारही बाजूंनी भिंती असलेल्या घरापेक्षा उघड्या शेडला वादळाचा धोका अधिक असतो, कारण वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. म्हणून खांब जमिनीत नुसते पुरू नयेत. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया घेऊन त्यात नटबोल्ट बसवावेत, खांब लोखंडी पायताणात जमिनीपासून सहा इंच उंच धरावा, आणि वासे खांबांना खिळ्यांऐवजी बोल्टने व पट्टीने बांधावेत. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींतील कौले तारेने किंवा स्क्रूने रीपांना अडकवावीत. लाकूड जमिनीपासून वर ठेवण्याचा दुसरा फायदा असा की वाळवीला थेट वाट मिळत नाही. आणि जागा कोणतीही निवडा, ती माडाखाली नसावी. नारळ आणि वाळलेल्या झावळ्या कौलांना वर्षभर त्रास देतात, माणसांना तर अधिकच.

छपराइतकेच लक्ष जमिनीकडे द्यावे लागेल. वळचणींसह छपराचे क्षेत्र साधारण १६ बाय १४ फूट, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटर होईल. २०० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात एवढ्या छपरावरून ४,२०० लिटर पाणी उतरते, आणि वर्षभरात सत्तर हजार लिटरांच्या वर. हे पाणी पागोळ्यांतून चौथऱ्याच्या कडेलाच पडत राहिले तर एका पावसाळ्यात तेथे खळगा पडतो आणि चिखलाचे शिंतोडे ओट्यापर्यंत उडतात. म्हणून पागोळीच्या बरोबर खाली दगडगोट्यांचा चर घ्यावा आणि त्याला परसाच्या उताराकडे वाट काढून द्यावी. चौथरा भोवतालच्या जमिनीपेक्षा ९ इंच ते १ फूट उंच असावा, पण घराच्या जमिनीपेक्षा निदान एक पायरी खाली, म्हणजे तुंबलेले पाणी कधीही घरात शिरणार नाही. फरशीला ६० फुटांना एक फूट या प्रमाणात उतार द्यावा. १२ फुटांच्या लांबीत तो सुमारे अडीच इंच होतो. मिस्त्री यापेक्षा कमी उतार पुरेसा आहे असे सांगतील, आणि गुळगुळीत फरशीला तो पुरेलही. पण बाहेर गुळगुळीत फरशी घालायचीच नाही. पॉलिश न केलेली शहाबादी किंवा खडबडीत कोटा फरशी घ्यावी, कारण पावसाळ्यात शेवाळ धरणारच आणि आईंचा पाय घसरता कामा नये. खडबडीत फरशीवरून पाणी हळू वाहते, म्हणून उतार जास्त लागतो.

सांडपाण्याच्या बाबतीत आपल्या विहिरीची जागा निर्णायक आहे. जांभ्याच्या कातळात भेगा असतात आणि त्यांतून पाणी वेगाने खाली उतरते, त्यामुळे शोषखड्डा विहिरीपासून शक्यतो १८ मीटर दूर आणि जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला असावा. भांड्यांचे पाणी आधी तेलकट गाळ अडवणाऱ्या छोट्या टाकीतून न्यावे, आणि ती टाकी हाताने साफ करता येईल अशा जागी ठेवावी. ती साफ झाली नाही तर खड्डा लवकर बुजतो. त्यानंतरचे पाणी माडांच्या आळ्यात, केळींना किंवा अळवाला सोडण्याची आपल्याकडची रीत उत्तम आहे, मात्र ती कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात आळी आधीच भरलेली असतात, म्हणून पाणी वळवण्यासाठी एक चेंबर ठेवावे. मासे साफ करण्याची जागा मुख्य मोरीपासून वेगळी करावी: उत्तरेच्या उघड्या कडेला, विळीवर बसून काम करता येईल असा सहा इंच उंचीचा छोटा ओटा, स्वतंत्र नळ, आणि खवले अडवणारी जाळी. या जागेचा खर्च फार नाही, पण ती असली की मुख्य ओट्यावर माश्या येणे आणि वास राहणे पुष्कळ कमी होते.

येथवर ज्या गोष्टी आल्या, त्यांत म्हणजे चौथरा, छप्पर, झडीच्या भिंती आणि सांडपाण्याची वाट यांत, एकूण खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग जाईल असे धरून चालावे. या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. ओटा आणि शेगड्या बदलता येतात.

चूल आणि गॅस यांच्यात शक्य तितके अंतर ठेवा. एकाच ओट्यावर शेजारी शेजारी मांडू नका. आपल्या जागेत चूल वायव्य टोकाला आणि गॅस आग्नेय टोकाला, घराजवळ, असे बसते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. सिलिंडर नेहमी उभा, सपाट जमिनीवर, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा, पण तळघरात, खड्ड्यात किंवा मोरीच्या तोंडाजवळ कधीही ठेवू नये. त्याच्या कपाटाला खालच्या बाजूस जाळी हवी. आयएसआय चिन्हाची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. उघड्यावर वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, म्हणून ज्योत विझताच गॅस बंद करणारी व्यवस्था असलेलीच शेगडी घ्यावी आणि तिच्या दोन बाजूंना पत्र्याचा आडोसा करावा.

चुलीच्या उंचीबाबत आईंना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये. बसून भाकऱ्या थापण्याची सवय असेल आणि गुडघे साथ देत असतील तर जमिनीवरची चूलच उत्तम. उभ्याने रांधायचे असेल तर नेहमीच्या ३२-३३ इंचांच्या ओट्यावर चूल ठेवणे चूक आहे, कारण तीवर एक फूट उंचीचा टोप चढला की आत ढवळताना खांदे उचलावे लागतात आणि उकळते कालवण हनुवटीजवळ येते. टोपाचा काठ कोपराच्या थोडा खाली यावा या बेताने चुलीची वरची कड २२ ते २४ इंचांवर धरावी. बांधकामात आगीला भिडणारा भाग सिमेंटचा नको. सिमेंट त्या तापाला टिकत नाही आणि काही महिन्यांत भुगा होऊ लागते. ग्रॅनाइटही एका जागी एकदम तापला तर तडकतो, म्हणून चुलीच्या तोंडाशी तो लावू नये. आतून फायरब्रिक (ताप सोसणारी वीट), सांध्यांत फायरक्ले (ताप सोसणारी माती), त्याबाहेर जांभा, आणि वरून माती, तूस व शेण यांचा लेप. हा लेप अधूनमधून नव्याने द्यावा लागतो आणि तो आईंना येत असणारच. वैल, म्हणजे मुख्य चुलीच्या आचेवर चालणारे शेजारचे छोटे तोंड, अवश्य ठेवावे. मंद आचेवर दूध किंवा पाणी ठेवायला त्याहून सोयीचे काही नाही. सरपण जमिनीवर रचू नये. निदान फूटभर उंच मांडणीवर आणि बसण्याच्या जागेपासून दूर ठेवावे, कारण आपल्या भागात फुरशी (विषारी साप) आणि विंचू लाकडांच्या ढिगाखाली हमखास आसरा घेतात. ओले लाकूड धूर फार करते, म्हणून पावसाळ्यापुरते सरपण मे महिन्यातच छपराखाली आणावे.

धुराची दिशा दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते. दुपारी समुद्राकडून वारा येतो तेव्हा पश्चिमेच्या परसातला धूर सरळ घरात शिरणार, आणि पहाटे जमिनीकडून वारा वाहतो तेव्हा तो समुद्राकडे जाणार. त्यामुळे दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी मागील दार आणि पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवता येतील का, हे पाहावे लागेल. मी काम सुरू करण्याआधी नेहमी त्या जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी थोडा ओला पालापाचोळा पेटवून धूर कसा वळतो ते पाहते. आपणही पुढच्या खेपेस हे करून पाहावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यावा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे; लिंबू, चिंच, कोकम आणि सोलकढी यांतल्या आम्लाने त्यावर पांढरट डाग पडतात आणि वरची झिलई जाते. आपल्या घरात या गोष्टी रोजच्या असतील, तेव्हा कडप्पा खालच्या फळ्यांसाठी वापरावा. तेथे तो स्वस्त आणि मजबूत ठरतो. ओट्याची कड खालच्या आधारभिंतीच्या दीड इंच पुढे काढून तिच्या खालच्या अंगाला पाणी ठिबकण्यासाठी खाच मारून घ्यावी, नाहीतर पाणी मागे वळून भिंतीत मुरते आणि जांभा ते शोषून घेतो. प्लायवूडची किंवा एमडीएफची कपाटे बाहेर नकोत. उघड्या फळ्याच ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळते आणि आत काय बसले आहे ते दिसते. समुद्राच्या खाऱ्या हवेत २०२ प्रतीचे स्टील लवकर गंजते. सिंक ३०४ प्रतीचे घ्यावे, आणि कायम उघड्यावर राहणारे स्क्रू व बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या मिळाल्या तर जास्तीचे पैसे द्यावेत. विजेसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) अपरिहार्य आहे. दिवे आणि प्लग आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ व पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारे, असावेत आणि बटणे मोरीपासून दूर, कोरड्या भिंतीवर असावीत. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची व्यवस्था ठेवा आणि वायरमनकडून त्याची मोजणी करून घ्या.

बार्बेक्यू आणि पिझ्झा ओव्हन आताच बांधून घेऊ नयेत, असे मी स्पष्ट सांगेन. विटांचा ओव्हन पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओल धरतो, आणि तसाच एकदम तापवला तर आतल्या वाफेने त्याला तडे जातात. दर वर्षी पावसाळ्यानंतर काही दिवस लहान आच देऊन तो वाळवावा लागतो. हे काम करायला आपण तेथे नसाल आणि आईंवर ते पडू नये. उचलून ठेवता येणारी लोखंडी शेगडी घ्या, जूनमध्ये ती तेल लावून घरात ठेवा. दोन हिवाळे तिचा भरपूर वापर झाला तर उत्तरेच्या कडेला पक्के बांधकाम करता येईल, त्यासाठी चौथऱ्याची तीन फूट जागा मोकळी ठेवावी.

नवे छप्पर घालत असल्याने ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी. समुद्रापासूनचे आपण दिलेले अंतर बरेच आहे, पण जवळ खाडी असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची (जेथे बांधकामावर निर्बंध असतात) हद्द तिच्या काठानेही आत येते, म्हणून नकाशा पाहूनच पुढे जावे.

कामाचा काळ दिवाळीनंतरचा धरावा. पाया, चौथरा आणि भिंती जानेवारीपर्यंत झाल्या तर सिमेंटच्या कामाला भरपूर पाणी मारता येते. एप्रिलपासून विहिरी आटू लागतात आणि मजूर आंब्याच्या कामाला जातात. त्याआधी, यंदा पाऊस संपला की, परसात ठरवलेल्या जागेवर साधा मांडव घाला, त्याखाली एक टेबल आणि उचलती चूल मांडा, आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळा स्वयंपाक तेथे करून पाहा. आई कुठे उभ्या राहतात, पाण्यासाठी किती वेळा आत जातात, जेवायला बसणारे कुठे दाटी करतात, हे खडूने जमिनीवर खुणावून ठेवा. त्या खुणा, विहिरीची आणि माडांची जागा, घराच्या आढ्याची उंची आणि परसाचा उतार एवढे मोजून कळवलेत, तर भिंतीची लांबी आणि धुराड्याची उंची मी नेमकी सांगू शकेन.